धर्मादाय मोटारसायकल राइडमध्ये सहभागी होताना : डीजीआरची नोंदणी, वर्गणी आणि रस्त्यावरची शिस्त

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सूट, वेस्टकोट आणि बो टाय अशा पोशाखातले मोटारसायकलस्वार जुन्या धाटणीच्या गाड्यांवरून शहरातून संथपणे जाताना दिसतात, तो उपक्रम म्हणजे ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’. रायडर मंडळींत तो ‘डीजीआर’ या नावाने ओळखला जातो. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे मार्क हावा यांनी त्याची सुरुवात केली. मोटारसायकलवाला म्हणजे आडदांड आणि बेपर्वा माणूस, ही समजूत पुसली जावी आणि निरनिराळ्या गटांतल्या रायडरांनी एकत्र यावे, एवढाच त्यामागचा पहिला हेतू होता. पहिल्याच वर्षी ६४ शहरांतून अडीच हजारांवर रायडर निघाले आणि या प्रतिसादामुळे तिला समाजोपयोगी कामाची जोड देण्याचा विचार पुढे आला. आज ही राइड शंभराहून अधिक देशांत निघते, मुंबई आणि पुण्यातही निघते. तिच्यातून उभा राहणारा पैसा प्रोस्टेट कर्करोगावरील संशोधन आणि पुरुषांचे मानसिक आरोग्य या दोन कामांसाठी ‘मोव्हेंबर’ या संस्थेमार्फत वापरला जातो. मोव्हेंबरची सुरुवात २००३ मध्ये मेलबर्नमध्ये झाली.

या राइडमध्ये पहिल्यांदाच भाग घेणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. रस्त्यावरचा भाग जेमतेम दोन-तीन तासांचा असतो. त्याआधीच्या काही आठवड्यांत वर्गणी मागण्याचे आणि ती कशासाठी मागतो आहोत हे सांगण्याचे जे काम करावे लागते, तोच या उपक्रमाचा गाभा आहे असे मी मानतो. त्यामुळे गाडी आणि पोशाख यांच्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक, विचार या कामाचा करावा.

नोंदणी

नोंदणी डीजीआरच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावी. ती विनामूल्य असते, त्यामुळे ‘सहभाग शुल्क’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर ते टी-शर्टचे आहेत, नाश्त्याचे आहेत की आणखी कशाचे, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे. नोंदणी करताना आपले शहर निवडायचे, गाडीची माहिती भरायची आणि निधीचे उद्दिष्ट ठरवायचे असते. त्यानंतर आपल्या नावाचे देणगीचे पान तयार होते. जमण्याचे ठिकाण आणि मार्ग नोंदणी केलेल्या रायडरांनाच कळवला जातो, कारण केवळ गर्दी पाहून सामील होणाऱ्यांमुळे रांग लांबते आणि पोलिसांना दिलेला अंदाज चुकतो. मित्राने पाठवलेल्या लोकेशनवर थेट जाऊन उभे राहणे म्हणूनच टाळावे.

गाडी कोणती चालते, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. कॅफे रेसर, बॉबर, स्क्रॅम्बलर (मोटारसायकलचा साज बदलून घडवलेल्या जुन्या शैली), जुन्या क्लासिक गाड्या, जुन्या धाटणीच्या नव्या गाड्या आणि क्लासिक स्कूटर हा या राइडचा बाज आहे. आपल्याकडे या बाबतीत वानवा नाही. बुलेट आहे, जावा आणि येझदी आहेत, लॅम्ब्रेटा आहे, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली चेतक तर मराठी घरांच्या दोन पिढ्यांनी चालवलेली आहे. वडिलांची चेतक धूळ खात पडली असेल, तर ती बाहेर काढण्यासाठी यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही. स्पोर्ट्स बाइक किंवा मोठी टूरिंग गाडी असेल, तर आधी शहरातील आयोजकांना विचारावे आणि त्यांचा निर्णय मानावा. नावात ‘जंटलमन’ असले, तरी महिला रायडरांचे या राइडमध्ये मनापासून स्वागत होते आणि त्यांनी नोंदणी करावीच.

वर्गणी मागण्याचे काम

गणेशोत्सवाची वर्गणी मागत वाढलेल्या माणसाला हे काम नवीन नाही, पण मंडळाची वर्गणी आणि ही वर्गणी यांत एक मोठा फरक आहे. मंडळ दारात येते तेव्हा समोरच्याला सगळे माहीत असते. इथे मात्र प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावे लागते. म्हणून व्हॉट्सॲपच्या दहा गटांत एकच संदेश टाकून वाट पाहत बसण्याचा उपयोग होत नाही. त्यावर अंगठे येतात, फुले येतात, देणगी क्वचितच येते. त्याऐवजी ज्यांच्याशी आपले बोलणे आहे अशा माणसांची यादी करावी आणि रोज चार-पाच जणांना स्वतंत्रपणे, त्यांचे नाव घालून लिहावे किंवा फोन करावा. संदेश छोटा असावा. उदाहरणार्थ, एखाद्या काकांना असे लिहिता येईल :

‘काका, नमस्कार. येत्या मे महिन्यात मी पुण्यात एका धर्मादाय मोटारसायकल राइडमध्ये भाग घेतो आहे. प्रोस्टेट कर्करोगावरचे संशोधन आणि पुरुषांचे मानसिक आरोग्य यांसाठी आम्ही निधी जमा करत आहोत. पहिली देणगी मी स्वतः दिली आहे. तुम्हाला जमेल तेवढी, अगदी १०१ रुपयांएवढी रक्कमही चालेल. पैसे थेट खालच्या पानावरून संस्थेकडे जातात, माझ्याकडे येत नाहीत. काही अडचण आली तर मी फोनवर समजावून सांगतो.’

या संदेशातील दोन वाक्ये फार महत्त्वाची आहेत. पहिली देणगी स्वतःची असावी, कारण शून्यावर असलेल्या पानावर पैसे टाकायला कोणी पटकन तयार होत नाही. आणि पैसे आपल्या हातात येत नाहीत, हे स्वच्छ सांगावे. लोक रक्कम मोठी आहे म्हणून नव्हे, तर ती कुठे जाईल याची खात्री नसते म्हणून मागे सरतात.

काही ज्येष्ठ मंडळी ‘तुझ्याकडेच रोख देतो, तू भर’ असे म्हणतात. घरातल्या माणसापुरते ते ठीक आहे, पण सर्रास रोख रक्कम किंवा स्वतःच्या खात्यावर यूपीआयने पैसे घेणे योग्य नाही. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून निधी गोळा करणे हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कक्षेत येणारा विषय आहे. गणेश मंडळे वर्गणीपूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतात ती याच कायद्यातील कलम ४१-क नुसार. स्वतः पावतीपुस्तक छापून निधी गोळा करण्याच्या फंदात कोणत्याही रायडरने पडू नये. देणगीदाराशेजारी बसून त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नावाने देणगी भरून देणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

देणगीच्या पानावर रक्कम परकीय चलनात दिसत असेल, तर आणखी एक अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमांमुळे नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते आणि आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहारांची सोय ग्राहकाने बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करायची असते. ‘व्यवहार अयशस्वी’ असे दिसले की माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही, म्हणून ही गोष्ट आधीच सांगावी. देणगी झाल्यावर ती सोय पुन्हा बंद करण्याची आठवणही करावी. बँक चलन बदलण्याचे शुल्क लावते, हेही लपवू नये.

प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल मोघम बोलणे टाळावे. ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलत भारतात स्थापन झालेल्या आणि त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवरच मिळते. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर ती मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेलाही २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिली, तर तिच्यावर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मुळातच नाही. एखादा देणगीदार पहिला प्रश्न करसवलतीचाच विचारत असेल, तर त्याला भारतातील एखाद्या नोंदणीकृत कर्करोग संस्थेकडे वळवावे. पैसा आपल्या पानावर दिसला नाही म्हणून काही बिघडत नाही, तो कामाला लागतो.

हाच निकष स्थानिक पातळीवरील इतर धर्मादाय राइडनाही लावावा. कोणत्या नोंदणीकृत संस्थेला पैसे जाणार आहेत, पावती कोणाच्या नावे मिळेल आणि राइडनंतर हिशेब जाहीर होणार आहे का, या प्रश्नांना आयोजकांकडून सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या राइडमध्ये नाव देऊ नये.

ज्यासाठी मागतो, त्याविषयी

वर्गणी मागताना ‘म्हणजे नेमके काय?’ असे कोणी विचारले, तर आपल्याला दोन मिनिटे नीट बोलता आले पाहिजे. प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरात मूत्राशयाच्या खाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी आहे. तिचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो आणि सुरुवातीच्या काळात त्याची लक्षणे बऱ्याचदा जाणवतच नाहीत. रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे किंवा धार कमी होणे हे बहुतेक वेळा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे होते. तरीही ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून ते अंगावर काढू नये. पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर त्याही आधी, पीएसए या रक्ततपासणीची आवश्यकता आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. पीएसए वाढलेला असणे म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ही तपासणी कोणासाठी उपयोगाची हे डॉक्टरच ठरवू शकतात, एवढे आवर्जून सांगावे. आपले काम निदान करण्याचे नाही. विषय काढण्याचे आहे. आपल्या घरांतले पुरुष या गोष्टी बायकोलाही सांगत नाहीत आणि दवाखान्यात जातात तेव्हा बराच उशीर झालेला असतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या संभाषणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा विषय अधिक नाजूक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतील सुमारे ७२ टक्के पुरुष होते आणि राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्राची होती. हा आकडा सांगून समोरच्याला हादरवणे हा उद्देश ठेवू नये. आपल्या ओळखीतल्या कोणाशी तरी नीट बोलण्याची वेळ आली आहे का, हा विचार त्याच्या मनात यावा. मोव्हेंबरने यासाठी चार पायऱ्या सुचवल्या आहेत : विचारावे, ऐकावे, पुढचे पाऊल उचलायला धीर द्यावा आणि काही दिवसांनी पुन्हा चौकशी करावी. मला यातली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पहिल्या खेपेला ‘काही नाही रे, मस्त चाललंय’ हेच उत्तर येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, असे थेट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आपल्या देणगीच्या संदेशाखाली लिहावा. ज्याला देणगी देता येत नाही त्यालाही तो उपयोगी पडेल.

गाडीची तयारी

राइडच्या आदल्या रात्री गाडी पुसणे म्हणजे तयारी नव्हे. किमान दोन आठवडे आधी ओळखीच्या मेकॅनिककडून ब्रेक, क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, चेनचा ताण, टायर आणि सर्व दिवे तपासून घ्यावेत. मुख्य म्हणजे मागचा ब्रेक लाइट दोन्ही ब्रेकवर लागतो का, हे स्वतः पाहावे. रांगेत मागच्या रायडरला आपला ब्रेक लाइट हीच एकमेव पूर्वसूचना असते.

ही राइड वेगाची नसून संथ गतीची असते आणि त्याचाच त्रास जुन्या गाड्यांना होतो. हवेने थंड होणारे इंजिन वाऱ्यावर अवलंबून असते. मे महिन्याच्या उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून तासभर रेंगाळत गेले, तर इंजिन तापते, क्लच प्लेट जळतात आणि सिग्नलवर गाडी बंद पडते. म्हणून इंजिन ऑइल ताजे असावे. रांग थांबली की गाडी न्यूट्रल करून क्लच सोडावा आणि थांबा लांबला तर इंजिन बंद करावे. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीचा पेट्रोलचा पाइप वाकवून पाहावा. रबर कडक झालेले असेल किंवा बारीक चिरा दिसत असतील, तर तो बदलावा, कारण हल्ली पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने रबर टिकत नाही, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे ही किरकोळ बाब नव्हे.

उसनी आणलेली जुनी गाडी घेऊन थेट राइडला येणे धोक्याचे आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. जुन्या जावा-येझदीची किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो. ऐनवेळी ब्रेक मारायचा म्हणून पाय सवयीने भलतीकडे जातो. अशा गाडीवर आधी काही दिवस रिकाम्या रस्त्यावर हात बसवावा. जुन्या टू-स्ट्रोक जावा-येझदीत पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते, ते जवळ ठेवावे.

कागदपत्रांत परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी एवढे असावे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रती ग्राह्य धरल्या जातात. कर्कश सायलेन्सर लावलेली गाडी आणू नये. त्यावर दंड होतोच, पण त्याहून मोठा प्रश्न औचित्याचा आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र कायद्यानुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते, आणि कर्करोगासाठी निधी जमवणारी रांग रुग्णालयाच्या खिडक्यांखालून इंजिने रेटत गेली, तर त्या निधीला काय अर्थ उरला?

पोशाख

२०२० पर्यंत ही राइड सप्टेंबरअखेर होत असे. २०२१ पासून ती मे महिन्यात होते. सिडनीत मे महिना गारव्याचा असतो, पुण्या-मुंबईत तो होरपळीचा आणि घामाचा असतो. त्यामुळे छायाचित्रांत दिसणारा जाड ट्वीडचा सूट इथे जसाच्या तसा उचलू नये. सुती किंवा लिननचा हलका सूट, बंदगळा किंवा नेहरू जाकीट उत्तम दिसते आणि निभावतेही. सुटाच्या आत घालता येतील असे पातळ कोपर व गुडघ्यांचे संरक्षक पट्टे मिळतात, ते घ्यावेत. हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट यांत तडजोड करू नये. सपाट तळाचे पार्टीचे गुळगुळीत बूट पावसात किंवा सांडलेल्या ऑइलवर पाय टेकताच घसरतात.

लांब टाय वाऱ्याने उडून चेहऱ्यावर येतो, म्हणून तो वेस्टकोटच्या आत खोचावा किंवा बो टाय वापरावा. बो टाय फार वर बांधला, तर हेल्मेटचा पट्टा त्याच्यावर येतो आणि नीट आवळला जात नाही. घरीच आरशासमोर आधी हेल्मेट चढवून, पट्टा लावून, मग टायची जागा ठरवावी. कोटाची बटणे लावलेली असावीत.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, म्हणजे आयएस ४१५१ मानकाचे असावे, आणि मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचे आहे. फेटा बांधून हेल्मेटशिवाय गाडी चालवण्याची मुभा कोणालाही नाही. कायद्यातील सवलत फक्त पगडी बांधलेल्या शीख व्यक्तींना आहे. फेटा हवाच असेल तर तो डिकीत ठेवून पोहोचल्यावर छायाचित्रासाठी बांधावा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून मोटारसायकल चालवणाऱ्या महिला आपण पाहतो. इथेही नऊवारी शोभून दिसते, मात्र पदर खोचलेला आणि पिनने पक्का असावा. मागे कोणी साडी नेसून बसणार असेल, तर गाडीला साडी गार्ड आहे याची खात्री करावी. कॅफे रेसरचा साज चढवताना अनेकजण तो काढून टाकतात, पण मोटार वाहन नियमांनी तो आवश्यक ठरवला आहे, आणि पदर चाकात जाण्याचे अपघात आजही होतात.

पोहोचायचे कसे

पुण्याहून मुंबईच्या किंवा मुंबईहून पुण्याच्या राइडला जाणाऱ्यांनी मार्ग आधी पक्का करावा. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. जुन्या महामार्गानेच जावे आणि खंडाळा घाटात जिथे दोन्ही रस्त्यांची वाहतूक एकत्र येते, तिथल्या फलकांकडे नीट लक्ष द्यावे. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, पूर्व मुक्त मार्ग, अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल यांवरही दुचाकी चालत नाहीत. फोनवरील नकाशा मोटारीऐवजी दुचाकीवर लावून ठेवावा. आदल्या दिवशी पोहोचून रात्री नीट झोप घ्यावी, पहाटेचा प्रवास आणि लगेच राइड असे करू नये.

रांगेत चालवताना

निघण्यापूर्वी सूचना दिल्या जातात, त्या वेळी गाड्यांची छायाचित्रे काढत फिरू नये. पुढे चालणारा लीड रायडर, सर्वांत शेवटी चालणारा स्वीप आणि मध्ये राहून रांग सांभाळणारे मार्शल कोण आहेत, हे डोळ्यांनी पाहून ठेवावे. लीडला मागे टाकायचे नाही आणि स्वीपच्या मागे राहायचे नाही, एवढे पाळले तरी बरीचशी गडबड टळते.

सरळ रस्त्यावर एकाआड एक अशी तिरपी रांग धरतात. पुढचा रायडर लेनच्या उजव्या भागात असेल, तर आपण डाव्या भागात राहावे. त्याच्यापासून किमान एक सेकंदाचे आणि आपल्या नेमके समोर असणाऱ्या रायडरपासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. हे अंतर मोजणे सोपे आहे : समोरची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणावे, त्याआधी आपण खांबापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. वळणावर, अरुंद रस्त्यावर आणि खड्ड्यांच्या पट्ट्यात एकेरी रांग करावी. गप्पा मारण्यासाठी शेजारी शेजारी चालवू नये, कारण दोघांपैकी एकालाही खड्डा चुकवायला जागा उरत नाही.

रांगेत पुढच्याने जरासा वेग कमी केला की तो परिणाम मागे मागे वाढत जातो, आणि शेवटच्या रायडरांना कधी एकदम थांबावे तर कधी दामटावे लागते. म्हणून नवशिक्यांनी लीडच्या मागे, पुढच्या भागात राहावे आणि अनुभवी रायडरांनी शेपटाकडे जावे. पडलेले अंतर भरून काढण्यासाठी गाडी पळवण्याची काहीच गरज नसते. सिग्नल लाल झाला आणि रांग तुटली, तर थांबावे. पुढचे लोक ठरलेल्या जागी वाट पाहतात. चौकात गाडी आडवी लावून इतरांची वाहतूक अडवण्याचा अधिकार रायडरांना नाही, तो वाहतूक पोलिसांचा आहे. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की संपूर्ण रांगेने डावीकडे सरावे.

फोन खिशात राहू द्यावा. चित्रीकरण करायचे असेल तर मागे बसलेल्याने करावे किंवा कॅमेरा आधीच पक्का बसवलेला असावा. कोणी पडलेच, तर सर्वांनी भोवती गाड्या लावून गर्दी करू नये. मार्शल आणि दोघेजण थांबतात, बाकीची रांग पुढे जाते. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती वाटते, पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ अशा व्यक्तीला संरक्षण देते.

सकाळी निघण्यापूर्वी पोटात काहीतरी असावे आणि पाण्याची बाटली जवळ असावी. सुटात घाम येतो, तहान मात्र उशिरा लागते. चक्कर आल्यासारखे वाटू लागले तर स्वीपला खूण करून सावलीत थांबावे.

राइड संपल्यावर

शेवटच्या थांब्यावर नाश्ता असतो, छायाचित्रे होतात आणि बहुतेकजण तासाभरात पांगतात. शक्य असेल तर थोडे थांबावे. पोहे-चहा घेताना शेजारी बसलेल्या अनोळखी रायडरशी गाडीबद्दल सुरू झालेले बोलणे तब्येतीपर्यंत, घरापर्यंत सहज पोहोचते, आणि समोरासमोर बसून मन मोकळे करायला अवघडणारे पुरुष गाडीशेजारी उभे राहून बरेच काही बोलून जातात.

देणगीचे पान राइडनंतरही काही काळ खुले राहते. अंतिम तारीख संकेतस्थळावर पाहून घ्यावी. ज्यांनी ‘बघतो, देतो’ असे म्हटले होते त्यांना त्याच संध्याकाळी राइडमधले आपले एक छायाचित्र पाठवून आठवण करावी. हा संदेश सर्वाधिक उपयोगी ठरतो, कारण आता मागणारा काहीतरी करून आलेला असतो. ज्यांनी दिले त्या प्रत्येकाला नाव घेऊन आभार कळवावेत आणि एकूण किती निधी जमला तेही सांगावे. संभाषणात ज्यांनी स्वतःच्या त्रासाबद्दल सूचक काही म्हटले असेल, त्यांची नावे वेगळी लिहून ठेवावीत आणि आठवड्याभरात त्यांना फोन करावा. तपासणीला गेलात का, डॉक्टर काय म्हणाले, एवढेच विचारायचे असते.